रिव्हॉल्व्हर एक नग, तांदूळ तीन किलो

हिमांशू हरिणखेडेजवळ रिव्हॉल्व्हरचं लायसन होतं, गाडीचं नव्हतं. त्याची चुलतबहीण खुशबू हिच्याजवळ गाडीचं होतं. त्यामुळे दोघांना मिळून कुठंही कायदेशीररीत्या जाता येत असे, एकेकट्याला मात्र नाही.

रिव्हॉल्व्हर आजोबांचं. चैतराम हरिणखेडे तेंदूपत्त्याचे ठेकेदार होते. मजुरांचा पगार थैलीत घालून जंगलातल्या फडीवर, पानं गोळा होतात तिथं, न्यायचे, म्हणून त्यांना परवाना मिळाला होता. आयुष्यात त्यांनी ते एकदाच झाडलं, तेही वाढदिवसाला, आणि त्यात शेजाऱ्याची पाण्याची टाकी गेली. ते वारल्यावर वारस म्हणून परवाना हिमांशूच्या नावावर झाला. वय चोवीस, शिक्षण रसायनशास्त्रात एम.एस्सी., नेमबाजीचा अनुभव शून्य.

आता निवडणुकीची आचारसंहिता लागली होती आणि परवानाधारकांनी आपापली शस्त्रं ठाण्यात जमा करायची होती. शेवटचा दिवस आज, वेळ संध्याकाळी सहापर्यंत. चुकलं तर गुन्हा. गुन्हा हिमांशूला अजिबात परवडणारा नव्हता, कारण बियाणे तपासणीच्या प्रयोगशाळेत त्याची निवड झाली होती आणि चारित्र्य पडताळणीचे कागद पुढच्याच आठवड्यात ठाण्यात जाणार होते. दोन वर्षं अभ्यास करून मिळवलेली नोकरी त्याने कधीच न झाडलेल्या बंदुकीपायी जायची, असा तो हिशेब होता.

"मंग आजवर कायले थांबलास?" खुशबूने विचारलं.

"तांदूळ वाळवत होतो."

हे खरं होतं. रिव्हॉल्व्हरची चामड्याची पिशवी उंदरांनी खाल्ली होती. आजोबा गंज चढू नये म्हणून ते तांदळात पुरून ठेवायचे. हिमांशूला माहीत होतं की तांदळात स्वतःचाच बारा-चौदा टक्के ओलावा असतो आणि तो ओलावा शोषणार कमी, देणार जास्त. पण आईला, मंदाबाईंना, हे पटवणं शक्य नव्हतं. म्हणून त्याने मधला मार्ग काढला. तांदूळ दोन दिवस उन्हात वाळवला, मग ओव्हनमध्ये, आणि दर तीन तासांनी वजन करत राहिला. वजन घटायचं थांबलं तेव्हा तिसऱ्या दिवसाची दुपार झाली होती.

डबा आईने दिला. "मामाजींची वस्तू मामाजींच्याच डब्यात जाईन," ती सासऱ्यांच्या आठवणीने म्हणाली. आजोबांच्या तेरवीला घरोघरी स्टीलचे डबे वाटले होते. प्रत्येकावर कोरलं होतं, 'कै. चैतराम हरिणखेडे यांच्या स्मरणार्थ'. गावात असं एकही घर नव्हतं जिथं हा डबा नाही. रिव्हॉल्व्हर रिकामं करून डब्यात गेलं, वर तांदूळ भरला. सहा काडतुसं वेगळ्या डबीत, शर्टाच्या खिशात.

गावातून गाडी गोंदियाला निघाली की ती गाडी एकट्याची राहत नाही. मंदाबाईंनी शिलाई मशीनचं मुंडकं दुरुस्तीला आणून पुढच्या सीटवर ठेवलं. गाडी पट्ट्यासाठी टूं टूं करायला लागली तशी खुशबूने मुंडक्याला पट्टा बांधला. हिमांशू मागे बसला, डबा दोन पायांच्या मध्ये. गावाच्या वेशीवर बिसराम काका हात आडवा करून उभे.

"गोंदियाले जाऊन राहिले का रे? मले कुडव्याले सोडा. पोरीच्या सासरी, चंदाकडे, नवा तांदूळ पोहचवाचा आहे. उद्या नवं खातेत ते लोकं, नव्या धानाचा पयला भात."

खुशबूने आरशातून हिमांशूकडे पाहिलं. शस्त्र नेताना अनोळखी माणूस घेऊ नये, असं त्याने कुठंतरी वाचलं होतं. पण बिसराम काकांनी त्याला लहानपणी उघडा फिरताना पाहिलेलं होतं, त्यांना अनोळखी कसं म्हणायचं? ते आत आले, आणि त्यांच्याबरोबर आला एक स्टीलचा डबा. कै. चैतराम हरिणखेडे यांच्या स्मरणार्थ.

"तुह्या डब्यात काय आहे?" काकांनी विचारलं.

"तांदूळ," हिमांशू म्हणाला. ऐंशी टक्के वजनापुरतं ते खरं होतं.

"तांदूळ घेऊन शहरात कायले चालला? तिथं का भुके मरून राहिले?"

"तपासायला," खुशबू पुढून म्हणाली. "तो तांदूळ तपासते. नोकरी लागली त्याची."

"हे बराबर. काय निघते त्यातून?"

"ते डब्यावर अवलंबून असते, काका."

हिमांशूने एक पाय आपल्या डब्यावर ठेवला आणि तो तिथंच ठेवायचा असं ठरवलं. कुडव्याच्या अलीकडे रस्त्यात म्हैस आली. खुशबूने ब्रेक मारला, मुंडकं पट्ट्यात लोंबकळलं, मागचे दोन्ही डबे सीटखाली गेले, परत आले. हिमांशूने वाकून डबा ओढला आणि पाय पुन्हा त्यावर घट्ट रोवला. कुडव्याला काका आपला डबा घेऊन उतरले, खुशबूच्या डोक्यावरून हात फिरवून गेले. तिथून ठाण्यापर्यंत हिमांशूने पाय क्षणभरही हलवला नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी ठाण्याच्या टेबलावर त्याने परवान्याचं पुस्तक ठेवलं, काडतुसांची डबी ठेवली, डबा ठेवला. हवालदार देवानंद यांनी काडतुसं मोजली. डब्याचं झाकण काढलं. तांदळात हात घातला, कोपरापर्यंत नेला, चाचपला, बाहेर काढला.

"कागद है. गोळ्या है," ते म्हणाले. "बंदूक कुठं आहे?"

हिमांशूने दोन्ही हात डब्यात घातले. मग वर्तमानपत्र पसरून सगळा तांदूळ ओतला. तो पाहताक्षणी त्याला कळलं. दाणे जाडे होते, टोकाशी अजून हिरवट, आणि बोटांना थंडगार लागत होते. ओला. निदान सोळा टक्के.

"हा माझा तांदूळ नाही," तो म्हणाला.

"मी तांदूळ विचारतच नाई आहो, भाऊ."

खुशबूने तोवर चंदाला फोन लावला होता. स्पीकर चालू केला. "चंदाताई, तांदूळ पोहचला का?"

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग चंदाचा आवाज, दबका. "पोहचला. त्याच्यासोबत आणखीन एक पोहचलं. बाबा डबा ठेवून बजारात गेले. सासूबाई त्याच्यासमोर बसून आहेत."

"कोणाच्या समोर?"

"त्याच्याच. तू ये लवकर."

देवानंद हवालदारांनी तांदूळ परत डब्यात भरला, झाकण लावलं आणि डबा आपल्या बाजूला ओढला. "हा इथं राहील. तू जा, तुझं सामान आण. सहा वाजता मी रजिस्टर बंद करतो. त्यानंतर तू जमा कराले येशीन तर ते जमा नाई, जप्त होईल."

"पण डबा कशाला ठेवता?"

"तू पळून गेला तर वरती काय दाखवू? माहा हात?"

कुडव्याला चंदाच्या घरी पोचले तेव्हा पावणेपाच होत होते. ओसरीच्या मधोमध एक टोपलं पालथं घातलेलं, त्यावर पाटा ठेवलेला. समोर स्टुलावर चंदाच्या सासूबाई, धनवंताबाई, हातात खराटा. विंचू सापडल्यावर करतात तसा सगळा बंदोबस्त.

"पुढं येऊ नोको," त्या म्हणाल्या. "हे कोणाचं?"

"माझं, मावशी. लायसन आहे."

"दाखव."

धनवंताबाई तेवीस वर्षं अंगणवाडी सेविका होत्या. शासनाचा कुठलाही कागद त्यांनी असा वाचला नव्हता ज्यात एक चूक सापडली नाही. त्यांनी चष्मा लावला, परवान्याचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. फोटोवर थांबल्या.

"हा तू नाई."

"मीच आहे. तेव्हा मिशी नव्हती."

"मिशी झाक."

हिमांशूने मिशीवर हात ठेवला. बाईंनी फोटो पाहिला, त्याला पाहिलं. "कान तर तेच आहेत," त्या नाइलाजाने म्हणाल्या. मग पाटा उचलायला लावला, टोपलं खराट्याच्या टोकाने सरकवलं. रिव्हॉल्व्हर फरशीवर पडलं होतं, दाण्यांनी माखलेलं, अगदीच केविलवाणं. त्यांनी त्यावरचा नंबर हिमांशूला मोठ्याने वाचायला लावला, पुस्तकातला आकडा स्वतः वाचला, आणि तो जुळल्यावर थोड्या नाराज झाल्या.

"बराबर आहे. घेऊन जा." हिमांशूने वाकून ते उचललं, सवयीने आत पाहिलं, रिकामं असल्याची खात्री केली. "थांब," बाई म्हणाल्या. "आमचा तांदूळ?"

"तो ठाण्यात आहे, मावशी. हवालदारांनी ठेवून घेतला."

"मंग हेबी इथंच राहीन. ठेव खाली."

"मावशी, तुमच्याजवळ लायसन नाही. तुम्ही ठेवणं गुन्हा होईल!"

"मी कुठं ठेवून राहिली? टोपल्याखाली आहे. टोपल्यावर केस करा म्हणा."

खुशबू पुढे झाली. "मावशी, नुक्कडावर दुकान आहे. आताच्या आता तीन किलो बढिया तांदूळ घेऊन देते."

"दुकानातला तांदूळ सुनेच्या माहेरचा होते का वो पोरी? उद्या नवं आहे. देवाले दाखवाचा हा तांदूळ आहे. माल हाती आल्याशिवाय मी कधी सही केली नाई, अन् आजबी नाई करणार."

"सही कोण मागते आहे?" हिमांशू काकुळतीने म्हणाला.

"कशावरबी नाई."

हिमांशू ओसरीच्या पायरीवर बसला. पाच वाजून बारा मिनिटं. बंदूक आल्याशिवाय हवालदार तांदूळ सोडणार नव्हते, तांदूळ आल्याशिवाय बाई बंदूक सोडणार नव्हत्या. दोन्ही बाजू इतक्या बरोबर होत्या की मधला तोच चुकीचा ठरत होता. अशा समतोलाबद्दल त्याने अख्खा पेपर लिहिला होता. समतोल मोडायचा तर परिस्थिती बदलावी लागते, एवढं त्याला आठवलं.

"मावशी," तो म्हणाला, "तुम्हीच चला ना ठाण्यात. एका हातानं तुम्ही तांदूळ घ्या, एका हातानं मी हे देतो."

धनवंताबाईंनी विचार केला. "लुगडं बदलून येतो."

लुगडं बदलायला बावीस मिनिटं लागली, वेणी घालायला सात. चंदा दारात उभी राहून नुसती तोंडावर पदर घेऊन हसत होती. शेवटी बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांनी पुढच्या सीटवरचं मुंडकं पाहिलं. "हे कोण बसलं?" मुंडक्याचा पट्टा सोडून त्याला मागे हिमांशूशेजारी हलवण्यात आलं. मांडीवर डबा, डब्यात रिव्हॉल्व्हर, डब्यावर दोन्ही हात, बाजूला मशीनचं मुंडकं खांद्यावर रेललेलं, अशा अवस्थेत हिमांशू गोंदियात शिरला.

"गाडी जरा हळू चालव," बाई खुशबूला म्हणत होत्या.

"मावशी, सहाले दहा मिनटं बाकी आहेत."

"मंग जरा जोरात चालव, पण हळू."

ठाण्यात पोचले तेव्हा सहाला सात मिनिटं होती. देवानंद हवालदारांनी टोपी चढवली होती, पेनाला टोपण लावलं होतं. टेबलावर तांदळाचा डबा होता आणि त्याला सुतळीने एक चिठ्ठी बांधली होती: 'संशयित तांदूळ'.

धनवंताबाईंनी ती वाचली. "संशयित? देवाले दाखवाचा तांदूळ संशयित? कोणाच्या अक्षरात आहे हे?"

"बाई, तुम्ही कोण?"

"तांदूळ माहा आहे. आन इकडं."

"आधी बंदूक."

"आधी तांदूळ."

"एकदम," हिमांशू ओरडला. ठाण्यात तो ओरडला याचं त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. "मी तीन म्हणतो."

एक, दोन, तीन. हवालदारांचा डावा हात डब्यावरून निघाला, बाईंचा उजवा त्यावर पडला, आणि रिव्हॉल्व्हर टेबलावर आलं. बाईंनी चिठ्ठी फाडून हवालदारांच्याच टेबलावर ठेवली, डबा कडेवर घेतला आणि भिंतीकडच्या बाकावर जाऊन बसल्या. पावती पाहिल्याशिवाय त्या जाणार नव्हत्या. पावती त्यांची नव्हती, पण म्हणून काय झालं?

हवालदारांनी रिव्हॉल्व्हर उघडलं. रजिस्टरवर टपटप दाणे पडले. नळीतून प्रकाशाकडे पाहिलं, पेनाने आणखी एक दाणा काढला.

"गंज?" हिमांशूने धास्तीने विचारलं.

"नाई. कोरडी ठणठणीत आहे." त्याही परिस्थितीत हिमांशूला थोडं बरं वाटलं. हवालदारांनी नंबर लिहिला, काडतुसं सहा लिहिली, वेळ लिहिली, पाच सत्तावन्न. शिक्का मारला. पावती फाडून पुढे केली, पण सोडली नाही. नावाकडे पाहत राहिले.

"हरिणखेडे हिमांशू. बियाण्याच्या प्रयोगशाळेत लागणारा तूच का? तुझे कागद येऊन राहिलेत पडताळणीसाठी."

"हो."

"ते माह्याचकडे येतेत. तुझं चारित्र्य मीच लिहिणार आहो."

खुशबूने मान खाली घातली. बाकावरून धनवंताबाई म्हणाल्या, "पोरगा इमानदार आहे, साहेब. नंबर जुळला."

"गुन्हा नाई, वेळेत जमा, कागद बराबर," हवालदार बोटं मोजत म्हणाले. मग त्यांनी रजिस्टरवरचे दाणे एका फुंकरीत उडवले, आणि पावती सोडली. "अन् बिनडोकपणाचा रकाना त्या फॉर्मात नाई. नशीब तुझं."