काळी पडलेली चिठ्ठी

मित्रांनो, दुकानात सामान घेतल्यावर गल्ल्याजवळून कर्र कर्र करत एक पांढरी पट्टी बाहेर येते ना, ती काढून देणारा मी एक जुना प्रिंटर आहे. अंगानं विटेहून थोडा मोठा. माझ्या पोटात शाई नाही, कधीच नव्हती. माझ्याजवळ आहे फक्त एक तापणारी पट्टी. माझा कागदही वेगळा असतो. त्याला जिथं उष्णता लागते तिथं तो काळा होतो. मी बारीक बारीक चटके देतो आणि तुम्हांला ती अक्षरं दिसतात. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे माझं मन मला का खातं ते तुम्हांला कळेल.

कारखान्यातून निघालो तो थेट औषधांच्या दुकानात आलो. शाईच्या प्रिंटरांची मला कीव यायची. त्यांची शाई सुकायची, सांडायची, मालकाचे हात बरबटायचे. मी आपला स्वच्छ आणि चटपटीत. एकदा एक आजी जुनं बिल घेऊन औषध बदलून घ्यायला आल्या. मालकानं कागद उलटसुलट करून पाहिला.

"आजी, हा तर कोरा कागद आहे."

"अरे, तूच दिलेलास की. उन्हात राहिला खिडकीशी, अक्षरं उडून गेली."

मालक हसला आणि मीही मनात हसलो. तेव्हाच मला कळायला हवं होतं, की मी जे लिहितो ते फार दिवसांचं नसतं.

पुढं ते दुकान बंद झालं आणि मी भंगारवाल्याकडं पोचलो. तिथून मला एका बाईनं उचललं. तिच्या गळ्यात कायम वायरींची वेटोळी असायची, म्हणून सगळे तिला वायरवाली म्हणत. शहरात दर वर्षी संगणकावरच्या आणि इंटरनेटवरच्या कलेचा एक महोत्सव भरतो. बंद पडलेल्या बसडेपोची लांबलचक शेड त्यासाठी झाडून पुसून घेतात. कुठं भिंतीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे ताणून दाखवतात, कुठं एक उशी ठेवलेली असते आणि दूर देशी कुणी टाइप करू लागलं की ती श्वास घेतल्यासारखी वरखाली होते. लोक बघतात, हसतात, काही जण "ह्यात कला ती काय?" असं पुटपुटत पुढं जातात.

वायरवालीनं मला एका उंच टेबलावर ठेवलं आणि इंटरनेटला जोडलं. महोत्सवाच्या पानावर जाऊन जगातल्या कुणीही एक चिठ्ठी लिहायची, ती मी इथं छापायची आणि समोर जो उभा असेल त्यानं फाडून न्यायची. अनोळखी माणसाची अनोळखी माणसाला चिठ्ठी. तिचा एक नियम होता. लिहिलेलं कुठंही साठवायचं नाही, पाठवणाऱ्याचं नावगावही ठेवायचं नाही. कागदावरची अक्षरं काही महिन्यांनी फिकी होणार हे तिला माहीत होतं. ती पाहुण्यांना सांगायची, "विरून जाणं हीच तर ह्या कामातली गंमत आहे." पाहुणे मान डोलवायचे. औषधांच्या दुकानात मला कुणी गंमत म्हटलं नव्हतं. मी हुरळून गेलो.

शेडच्या दारावर एक काका बसत. तिकिटं पाहणं, छत्र्या सांभाळणं हे त्यांचं काम. अंगात कायम निळा स्वेटर, बायकोनं विणलेला. बायको वारली होती. एकुलती लेक दूरच्या देशात नोकरीला निघाली तेव्हा त्यांचं कडाक्याचं भांडण झालं, आणि काका बोलून गेले, "गेलीस तर पुन्हा फोन करू नकोस." लेक बापाचीच. तिनं खरंच केला नाही. काकांनीही नाही. हे मला कळलं ते पासवाल्या भाऊंमुळं. ते माझ्या शेजारच्या टेबलावर बसून लोकांचे पास बनवत आणि दिवसभर काकांशी गप्पा हाणत.

त्या वर्षी एका दुपारी माझ्यातून चिठ्ठी निघाली. समोर एक चष्मेवाल्या बाई होत्या. त्यांनी ती मोठ्यानं वाचली.

"दारावर निळा स्वेटर घालून बसलेत, त्यांना ही चिठ्ठी द्या. बाबा, महोत्सवाच्या फोटोत तुम्ही दरवर्षी दिसता. वाळलात. पुढच्या महिन्यात तुम्ही आजोबा होणार. आई नाही, निदान तुमचा आवाज तरी ऐकू दे. फोन मी करणार नाही, तुम्हीच तसं म्हणाला होतात. हा माझा नवा नंबर."

बाईंनी चिठ्ठी काकांच्या हातात दिली. काकांनी अक्षरांखाली बोट फिरवत ती पुन्हा वाचली, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

"लावा की फोन," पासवाले भाऊ म्हणाले.

"लावतो. महोत्सव आटपू दे."

"महोत्सवाचं काय घेऊन बसलात? निदान नंबर तरी फोनात घालून ठेवा."

"घातला की लावावा लागेल."

"म्हणजे अजून नाक वरच."

"तू पास छाप," काका म्हणाले.

पण दर थोड्या वेळानं ते खिसा चाचपायचे. माझ्याकडं बघून एकदा म्हणाले, "बरं झालं रे, तू होतास." मित्रांनो, एवढं माझं कौतुक आजवर कुणी केलं नव्हतं.

शेवटच्या दिवशी त्यांनी चिठ्ठी बाहेर काढली, तर घामानं ती मऊ पडली होती आणि कडा करड्या झाल्या होत्या. काकांचा चेहरा उतरला. पासवाले भाऊ मनानं फार चांगले. ते म्हणाले, "द्या इकडं, काका. लॅमिनेशन करून देतो. मग पाण्यात बुडवा नाहीतर पायाखाली घ्या, काही होणार नाही."

त्यांच्या टेबलावर लॅमिनेशनचं मशीन होतं. पास त्यातूनच निघायचे. दोन तापलेल्या रुळांमधून कागद प्लॅस्टिकमध्ये बंद होऊन येतो. दिवसभर त्याची धग माझ्या अंगाला लागत असे. काय होणार ते मला माहीत होतं. मला एकच आवाज काढता येतो. कागद संपला की मी पिऽप करतो. त्या वेळी माझ्या पोटात कागद होता. त्यामुळं तोही निघेना.

एका बाजूनं चिठ्ठी आत गेली. दुसऱ्या बाजूनं गुळगुळीत, चकचकीत, काळीकुट्ट पट्टी बाहेर आली.

भाऊंनी ती उलटी केली, पुन्हा सुलटी केली. "काका," ते म्हणाले, आणि पट्टी त्यांच्या हातात दिली.

काकांनी पट्टी उजेडाकडं धरली. "ह्यातलं नऊ कुठं होतं रे? शेवटी नऊ होतं."

वायरवाली धावत आली. काकांनी तिला विचारलं, "पोरी, तुझ्याकडं असेल ना कुठंतरी?" नियम तिचाच होता. "मी काहीच ठेवत नाही, काका," ती म्हणाली. विरून जाण्याची गंमत त्या दिवशी तिनं पुन्हा कुणाला सांगितली नाही.

काकांनी ओळखीपाळखीत विचारून पाहिलं. नवा नंबर कुणाकडंच नव्हता. वायरवालीनं महोत्सवाच्या पानावर सगळ्यांत वर लिहिलं, "निळ्या स्वेटरवाल्या बाबांना चिठ्ठी मिळाली, पण ती काळी पडली. पुन्हा लिही." पण महोत्सव संपल्यावर त्या पानाकडं कोण फिरकतो? मला खोक्यात घालून कपाटात ठेवलं. त्या अंधारात मला एकच दिसायचं, फोन उशाशी घेऊन बसलेली एक मुलगी. बाप अजून रागावलाय असं तिला वाटत असणार. तिला तसं वाटायला लावणारा मी. मी निरोप पोचवला नसता तर तिनं दुसरी वाट शोधली असती. मी तो पोचवला, आणि मग हरवलाही.

पुढच्या वर्षी महोत्सव भरला आणि मला टेबलावर ठेवलं. काकांनी आपली खुर्चीच दारावरून माझ्याजवळ आणली. माझ्यातून चिठ्ठी निघाली की ते उठायचे, वाचायचे, आणि समोर उभा असेल त्याला देऊन खाली बसायचे.

मग एकदा अशी चिठ्ठी आली: "काळी पडली म्हणे. बाबा, बहाणा तरी बरा शोधायचा. नंबर तोच आहे."

नंबर मात्र चिठ्ठीत नव्हता.

काका हसले की रडले ते मला नीट दिसलं नाही. वायरवालीनं घाईघाईनं पानावर लिहिलं, "खरंच काळी पडली. शेवटी नऊ होतं एवढंच त्यांना आठवतंय. नंबर पुन्हा दे." मग आम्ही वाट बघत बसलो. पासवाल्या भाऊंनी लॅमिनेशनच्या मशीनचं बटण बंद केलं, वर पिनही काढून टाकली.

मला हुकूम आला. इतक्या जपून मी आयुष्यात कधी छापलं नाही. आकडे बाहेर आले, शेवटी नऊ. चिठ्ठी कुणी फाडलीसुद्धा नाही. काकांनी पेन्सिल घेतली आणि चिठ्ठी माझ्या तोंडात लोंबत असतानाच एकेक आकडा मोठा काढत पुठ्ठ्यावर उतरवला. भाऊंनी पडताळून पाहिला. मग काकांनी तिथंच, माझ्यासमोर उभं राहून, नंबर लावला.

"मी बोलतोय," ते म्हणाले. पलीकडून बारीक आरडाओरडा येत होता. काकांनी फोनवर हात ठेवला आणि भाऊंना सांगितलं, "नात आहे. उभी राहायला लागली म्हणते."

सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला. पण ती पालथी पडली, बसली, रांगली ते काकांनी पाहिलं नाही. ते दिवस माझ्या काळ्या पट्टीत गेले आणि ते मला पुन्हा छापून देता येणार नाहीत.

आता वायरवालीनं माझ्या टेबलावर पेन्सिली आणि साधे कागद ठेवलेत. मित्रांनो, माझ्यासारख्याच्या भरवशावर राहू नका. कुणाचा मायेचा शब्द हाती आला तर तो आधी स्वतःच्या हातानं उतरवून घ्या. आणि त्याला उत्तर द्यायचं असेल तर कार्यक्रम आटपायची वाट बघू नका. ती पट्टी काकांनी माझ्या अंगावरच चिकटवून ठेवली आहे. येणारे विचारतात, हा कसला काळा पास? मी समोर येईल ती चिठ्ठी छापत राहतो.