मान खाली, कबुतरं वर

कैरोत डोळ्याच्या पडद्याची शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर ढिगाने आहेत. तरी मेतवल्ली अम्मो, म्हणजे आमचे शेजारचे काका, माझ्याच खुर्चीत येऊन बसले. बसले म्हणजे त्यांच्या बायकोने, तफीदाकाकूंनी, दंडाला धरून बसवले. मी बयूमीची मुलगी. बयूमी आणि मेतवल्ली यांच्या गच्च्या समोरासमोर, दोघांच्याही गच्चीवर कबुतरांचा उंच लाकडी घिय्या, आणि दोघांचं एकमेकांची कबुतरं पळवण्याचं युद्ध माझ्या जन्माआधीपासून चालू आहे. या खेळात पकडलेला पक्षी परत द्यायचा नसतो आणि मागायचाही नसतो. लग्नात, मयतीत दोघं गळाभेट घेतात, आणि दुपार कलली की पुन्हा गच्चीवर.

"अम्मो, माझ्या नाकाकडे बघा. काय दिसतं?"

"कान दिसतात. दोन्ही. नाक नाही. तू बापाचं नाक घेतलंयस, नाही दिसलं तेच बरं."

"चेष्टा पुरे."

"चेष्टा नाही, पोरी. ज्या कबुतराकडे बघावं तेच गायब होतं. आजूबाजूची सगळी दिसतात."

उजवा डोळा त्यांनी लहानपणी रमजानच्या फटाक्यात घालवला होता. डाव्यातला मोतीबिंदू कुणीतरी नीट काढला होता. पण त्याच डाव्या डोळ्याच्या पडद्याला आता बरोबर मधोमध भोक पडलं होतं, आणि चांगलं मोठं. तसंच सोडलं तर हा माणूस भिंतीला हात लावत चालणार, हे मला दिसत होतं. मी घाबरले. घाबरले की मी रागावते, म्हणून तफीदाकाकूंवर उगीचच ओरडले की इतके दिवस काय करत होतात.

मग शांतपणे समजावलं. डोळ्यातला चिकट रस काढायचा. पडद्यावर कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ एक साय असते, तिला निळा रंग देऊन सोलायची. लहान भोक असेल तर तेवढ्याने भागतं. मोठं असेल तर साय पूर्ण काढायची नाही, एक कड तशीच ठेवून भोकावर झाकणासारखी दुमडायची. वर वायूचा बुडबुडा भरायचा.

"बुडबुडा नेहमी वर जातो, अम्मो. म्हणून तुम्ही तोंड जमिनीकडे ठेवायचं, म्हणजे तो पडद्याला दाबून धरेल. नमाजात कपाळ टेकता तशी मान. जेवताना, झोपताना, सतत. आठवडाभर."



"आठवडाभर आकाशाकडे बघायचं नाही?"

"नाही."

"बापाला विचारून सांगतेयस का?"

तफीदाकाकू हसल्या. मीही हसले. अम्मो हसले नाहीत, हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

शस्त्रक्रिया जागेपणीच केली, फक्त डोळ्याला भूल देऊन. हिरव्या कापडाखालून त्यांची बडबड चालू होती. माझ्या वडिलांनी कुठलं पांढरं कबूतर कसं पळवलं, ते बिचारं शत्रूच्या घरी झुरून कसं मेलं, वगैरे. साय उचलायची वेळ आली तेव्हा मी म्हणाले, "अम्मो, आता श्वाससुद्धा हळू घ्या." त्या क्षणी ते हातात धरलेल्या पक्ष्यासारखे निश्चल झाले. चिमट्याच्या टोकाशी निळी साय हलली, सुटली, आणि मी ती भोकावर अलगद पालथी घातली. इतकं सुंदर काम माझ्या हातून क्वचित होतं. मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटून घेतली.

दुसऱ्या दिवशी ते मान खाली घालून घरी गेले. त्याच्या पुढच्या दुपारी दवाखान्यातून परतताना मी सहज वर पाहिलं, तर मेतवल्ली अम्मो स्वतःच्या गच्चीवर उभे, तोंड आकाशाकडे, दोन बोटं तोंडात घालून शिट्ट्या मारतायत.

जिने कसे चढले मला माहीत नाही.

"खाली! मान खाली घाला आधी."

त्यांनी घातली, पण जीभ वरच राहिली. "माझ्या शेजारच्या खाटेवरच्या शिक्षकाला तीन दिवस सांगितलेस. त्याच डोळ्याला, त्याच रोगाला. मला सात. का?"

"त्याचं भोक लहान आहे. मान किती दिवस खाली ठेवावी यावर आमच्याकडे अभ्यास चाललाय. लहान भोकाला तीन दिवस पुरतात असं दिसतंय. मोठ्याला पुरतील याची खात्री कुणालाच नाही, आणि तुमच्या एकुलत्या एका डोळ्यावर मी ती परीक्षा घेणार नाही."

"बोलतेस छान. पण बयूमी कालपासून तीन-तीनदा थवा सोडतोय. माझी लाल मादी गेली. मला दिसत नाही, बुडबुड्यातून सगळं गढूळ पाणी. पण पंखांचा आवाज मी ओळखतो. चार दिवस जास्त सांगितलेस ते बापासाठी, हे शेंबडं पोरही सांगेल."

तफीदाकाकू कपाळाला हात लावून जिन्यावर बसल्या होत्या. मला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यातली सर्वांत सुरेख शस्त्रक्रिया, आणि तिच्यावर कबुतरं शिटत होती. झाकण अजून नुसतं ठेवलेलं होतं, चिकटलेलं नव्हतं. ते सरकलं तर पुन्हा तसं बसवता येईलच असं नाही.

तशीच समोरच्या घरी गेले. वडील नव्या लाल मादीला मसूर भरवत होते.

"बाबा, आठवडाभर थवा सोडू नका."

"का? आजारी तो आहे, माझी कबुतरं नाहीत."

"तुमच्या शिट्ट्या ऐकून ते मान वर करतात."

"मग कानात कापूस घाल त्याच्या. खेळ तो खेळ. मी कुठल्या कबुतराचा पाय बांधून ओढलाय का?"

"त्यांना वाटतं मी तुमच्यासाठी त्यांना पालथं पाडलंय."

हे ऐकून वडिलांना हसू आवरेना. "अरे वा. ही युक्ती मला सुचली कशी नाही?"

तेव्हा माझा तोल गेला. "हसा तुम्ही. त्याला एकच डोळा आहे, बाबा. तो गेला की मेतवल्लीची गच्ची कायमची तुमची. समोर कोणी शिट्टी मारणार नाही, कोणी शिव्या देणार नाही. मग सोडा दिवसभर थवे आणि पकडा स्वतःचीच कबुतरं."

वडील मादीला ओंजळीत धरून समोरच्या घिय्याकडे बघत राहिले. मी दार आपटून निघून आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आकाशात एकच थवा होता, मेतवल्लींचा. मला वाटलं म्हातारा पुन्हा उभा राहिला. पुन्हा जिने चढले, तोंडात शिव्या तयार ठेवून.

मेतवल्ली अम्मो उशीवर कपाळ टेकून स्टुलावर बसले होते. आणि त्यांच्या घिय्यावर, थवा वळवायचा त्यांचा काळा बावटा हातात घेऊन माझे वडील उभे होते. आमच्याकडे माणूस एक वेळ घराची चावी देईल, पण बावटा सख्ख्या भावाच्या हातात देत नाही. मी दारातच थबकले.

"डावीकडे वळव रे त्यांना. ऐकू येतंय मला, मशिदीकडे चाललीत," अम्मो जमिनीशी बोलत होते.

"मला डोळे आहेत."

"आहेत ना, अक्कल नाही."

तफीदाकाकूंनी चहा देताना हळूच सांगितलं. वडील सकाळी आले होते, एका हातात लाल मादी आणि दुसऱ्या हातात स्वतःच्या घिय्याच्या कुलपाची किल्ली. किल्ली अम्मोंच्या झग्याच्या खिशात टाकून म्हणाले, "तुझी मान वर येईपर्यंत माझी कबुतरं तुझ्या कैदेत. आता तरी पोरीवर विश्वास ठेव. आणि तुझी जनावरं बसून लठ्ठ होतील, आण इकडे तो बावटा." वडिलांच्या पक्ष्यांना दाणापाणी द्यायला आता रोज काकूंनी जायचं ठरलं होतं. "दोन्ही घरची मोलकरीण झाले," त्या म्हणाल्या, पण चेहरा खुलला होता.

उरलेले दिवस अम्मोंनी मान वर केली नाही. जमिनीकडे तोंड करून इतक्या शिव्या देणारा रुग्ण मी पाहिलेला नाही.

महिनाभराने बुडबुडा विरघळला. यंत्रावर पडद्याच्या आडव्या छेदाचं चित्र उमटलं, आणि मधली दरी बुजलेली. मी खुर्चीतच दोन्ही हात वर केले.

"मशीन काय, दुकानदारासारखं गोडच बोलणार," अम्मो म्हणाले. "गच्चीवर चल."

त्या दुपारी दोन्ही थवे वर होते. वडील त्यांच्या घिय्यावर, आम्ही इकडे. अम्मोंनी मान वर केली आणि बघत राहिले.   एवढ्यात वडिलांच्या थव्यातला राखी नर, ज्याच्यावर अख्ख्या मोहल्ल्याचा डोळा होता, थव्यातून सुटला आणि आमच्याकडे उतरू लागला. तफीदाकाकू जाळं घेऊन धावल्या.

"थांब," अम्मो म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "बघ बयूमीकडे. बावटा पाठीमागे लपवलाय. डाव्या हाताने हळूच हाकलतोय त्याला माझ्याकडे. मला भीक घालतोय, हलकट."

मी डोळे ताणून पाहिलं. मला नुसते वडील दिसत होते, त्यांचे हात नाही.

अम्मोंनी दोन बोटं तोंडात घातली आणि अशी शिट्टी मारली की राखी नर हवेतच वळला. मग कठड्याला पोट टेकून त्यांनी समोर हाक दिली, "बयूमी, तुझ्या करंगळीतली अंगठीसुद्धा दिसतेय मला. खेळायचं तर नीट खेळ."

रात्री जेवताना वडील 'फूल' म्हणजे पावट्यांच्या घट्ट कालवणात भाकरी बुडवत त्यांना शिव्या देत होते. गाढव आहे, दिलेली भेट परत करतो, उद्यापासून एक पक्षी शिल्लक ठेवणार नाही त्याचा. मध्येच थांबले.

"अंगठी म्हणाला ना?"

"हो, बाबा."

"इतक्या लांबून."

"हो."

ते उठले आणि मोरीवर हात धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू राहिला. मी नंतर पाहिलं, तर ताटात भाकरी अर्धी तशीच होती.