खिडकीतून दिसेल एवढं तोंड

आमच्या खिडकीपाशी कुणी ‘गर्दुल्ला’ म्हटलं, की खिडकी दोन बोटं लहान होते. मी मोजून पाहिलं आहे. शब्द हळू म्हटला तरी तेवढीच होते.

नशा सुटावी म्हणून रुग्णालय ज्या गोळ्या देतं, त्या मी या खिडकीतून देते. गोळी जिभेखाली ठेवायची, विरघळेपर्यंत समोर थांबायचं, मग तोंड उघडून दाखवायचं. गोळी बाहेर विकली जाऊ नये म्हणून हा नियम. द्यायची ती फक्त खिडकीतूनच.

दिवाळीत खिडकीतून अख्खा माणूस दिसायचा. संक्रांतीला नुसता चेहरा. खिडकी मोठी करायला अधीक्षक खाडिलकरांनी सुतार बोलावला. त्याने करवत लावली, करवतीचे दात गळून पडले.

“असू दे,” तो म्हणाला, “गर्दुल्ल्यांना एवढी बास आहे.”

चौकट दोन बोटं आत आली.

आज खिडकीत हेमलताबाईंचे फक्त ओठ मावले. त्या ब्लाउज शिवतात. मणक्याच्या ऑपरेशननंतर दुखण्यावरची गोळी त्यांना सुटेना. आता कुठे सुटत होती.

“उद्या नुसती नाकपुडी दाखवीन,” ओठ म्हणाले. “ओळखाल ना, मॅडम?”

“काल का आला नाहीत?”

“आलेले. रांगेत एकजण मला तोच शब्द म्हणाला. परत गेले. रात्रभर अंग मोडून निघालं. आज मिळाली नाही तर मी चिठ्ठीशिवाय ती जुनी गोळी देणाऱ्या मेडिकलवाल्याकडे जाणार. खोटं कशाला सांगू?”

मी गोळी बोटाच्या टोकावर घेतली आणि बोट खिडकीतून बाहेर घातलं. मागे खाडिलकर येऊन उभे राहिले.

“एका गर्दुल्लीपायी किती वेळ?”

चौकट माझ्या बोटाला येऊन भिडली. बोट मागे येईना.

“तोंड आवरा!” मी ओरडले. “रोज तोंड उघडून दाखवायचं त्यांनी, आणि तुम्ही मात्र वाट्टेल तेव्हा उघडायचं? पेशंट म्हणा. बाई म्हणा. नाहीतर गप्प बसा!”

“अहो, चिडताय काय? मी शिवी थोडीच दिली?”

पलीकडे बोटाला जीभ लागली. गरम होती. गोळी विरघळू लागली. अजून थोडा वेळ लागणार होता.

“साधा शब्द आहे,” म्हणत खाडिलकरांनी पुन्हा तोंड उघडलं.

माझा दुसरा हात त्यांच्या तोंडापर्यंत पोचत नव्हता.