उघडायचं राहिलेलं झाकण

गाडी बघायला निघण्याआधी कानिफनाथनं सुप्याच्या त्या माणसाला फोन करून एकच गोष्ट सांगितली होती. "आमी येस्तवर गाडी चालू करू नका. हाय तशी थंड राहू द्या." इंजिन गरम असलं की आपलं दुखणं लपवतं आणि थंड असलं की पहिल्या चावीलाच बोलून मोकळं होतं, हे त्याला तीस वर्षांच्या कामानं शिकवलं होतं. जामखेडला त्याचं गॅरेज. जुनी गाडी घ्यायची म्हटलं की तालुक्यातली माणसं आधी त्याला सोबत न्यायची. तो नको म्हणाला की माणूस तसाच माघारी फिरायचा.

या वेळी गाडी बहिणीसाठी होती. पुष्पावती त्याच्याहून नऊ वर्षांनी धाकटी, खर्ड्याला दिलेली. दोन वर्षांपूर्वी तिच्या किडन्या निकामी झाल्या आणि दर सोमवारी, गुरुवारी नगरला डायलिसिस मागं लागलं. खर्ड्याहून नगर शंभर किलोमीटर. एसटीनं जायचं, चार तास मशीनवर पडायचं आणि पुन्हा एसटीनंच परत यायचं. येताना तिला उलट्या व्हायच्या. नवरा अंगद पिशवी धरून बसायचा. एकदा बसायला जागाच मिळाली नाही, तेव्हा ती आष्टीपर्यंत दाराजवळच्या पायरीवर बसून आली. ते कळलं आणि गाडी घ्यायचीच म्हणून तिची लेक आरती हट्टाला पेटली. आरती सुप्याला कारखान्यात कामाला होती. तिच्याच विभागातला एक सुपरवायझर बदली होऊन चालला होता, त्याला त्याची डिझेल गाडी विकायची होती. आरतीनंच ती शोधली. गाडी एक लाख शहाऐंशी हजार किलोमीटर फिरलेली होती.

"एवढी पळालेली गाडी घ्यावी का मामा?" तिनं फोनवर विचारलं होतं.

"पळाली म्हणून भ्यायचं न्हाई. मीटर खरं बोलतंय का ते बघायचं. आन् मागच्यांनी तिला सांभाळलीय का ते बघायचं. मी येतो."

डिसेंबरातला शुक्रवार होता. आदल्याच दिवशी डायलिसिस झालेलं, तरी पुष्पावती ऐकेना. आपली गाडी आपल्याला बघायचीय म्हणाली. मग अंगद, ती आणि कानिफनाथ असे तिघं सुप्याला गेले.

कानिफनाथनं आधी बॉनेटवर पालथा हात ठेवला. गार होतं. मग त्यानं दार उघडून क्लचच्या पेडलचं रबर बघितलं. ते मधोमध गुळगुळीत झालं होतं, स्टिअरिंगवरची नक्षीही पुसत आलेली. एवढं फिरलेल्या गाडीला हे शोभणारंच होतं, म्हणजे मीटर मागं फिरवलेलं नव्हतं. दारांची रबरं ओढून त्यानं आतला पत्रा तपासला, कुठं ठोकून सरळ केलेला नाही ना. चासी नंबर कागदाशी ताडून पाहिला. ऑइलचं झाकण काढून आतून बोट फिरवलं. सायीसारखा पांढरा थर नव्हता, म्हणजे पाणी ऑइलमध्ये जात नव्हतं. मग अंगदला चावी मारायला सांगून तो सायलेन्सरमागं उकिडवा बसला. पहिला काळसर फुत्कार गेला आणि धूर साफ झाला. निळा नाही, पांढरा नाही. पोतं अंथरून तो गाडीखाली शिरला, टायरच्या कडांवरून तळवा फिरवला, मग नगर रोडच्या चढावर चौथ्या गेअरमध्ये गाडी ओढून बघितली. गाडी कुरकुरली नाही.

आरती मालकाच्या घरात कागदपत्रं लिहून घेत बसली होती. अंगणात बॉनेटपाशी कानिफनाथ आणि मालक दोघंच उभे होते. अंगद दोन पावलांवर होता. राहिला होता टायमिंग बेल्ट. इंजिनाच्या कडेला काळ्या झाकणाआड एक दातेरी रबरी पट्टा असतो. इंजिनाची आतली सगळी हालचाल त्यानंच एका लयीत बांधलेली असते. तो तुटला की चालती गाडी जागच्या जागी मरते, आणि रस्त्यात ती कुणालाच चालू करता येत नाही. लाखभर किलोमीटरला तो बदलावाच लागतो. झाकणावर एक कागदी पट्टी चिकटवलेली होती, तिच्यावर पेनानं लिहिलं होतं: एक लाख चाळीस हजारला बदलला.

"मागच्याच मालकानं बदललाय," सुपरवायझर म्हणाला. "काही बघायचं काम नाही त्यात."

तरी कानिफनाथनं पाना हातात घेतला. झाकणाचे पाच बोल्ट, त्यातला एक गंजलेला. अर्धा-पाऊण तास मोडला असता. तेवढ्यात मागच्या सीटवरून पुष्पावतीचा आवाज आला.

"आण्णा, झालं का? पाठ भरून आलीया माझी."

त्यानं वळून बघितलं. ती सीटवर आडवी झाली होती. सुजलेले पाय तिनं दारापर्यंत लांब केले होते आणि तळव्यानं सीट कुरवाळत होती. "हितं झोपता येतंय बग," ती म्हणाली. "पाय सुदा पुरत्यात." चेहरा पांढराफटक पडला होता, पण ती हसत होती. दोन वर्षांत त्यानं तिला तसं हसताना बघितलं नव्हतं.

त्यानं पाना डब्यात टाकला. "झालं," तो म्हणाला. "चल, घेऊन जाऊ."

पुढचे पाच महिने चांगले गेले. अंगदनं मागच्या सीटवर गादी शिवून टाकली. पुष्पावती झोपून जायची, झोपून यायची. गुरुवारी परतताना ती जामखेडला गाडी थांबवायला लावायची आणि गॅरेजमध्ये मोडक्या खुर्चीवर दहा-पंधरा मिनिटं टेकायची. कानिफनाथ ग्रीसचे हात पुसत समोर उकिडवा बसायचा. पाणी तिला मोजून प्यावं लागायचं, म्हणून तिच्यासमोर तोही चहा घ्यायचा नाही. ती आईबद्दल बोलायची, लहानपणी दोघांनी मिळून राखलेल्या करडांबद्दल बोलायची. आरतीच्या लग्नात कुणाला मुळीच बोलवायचं नाही, तेही ठरवून सांगायची. लग्न होऊन गेल्यापासून पंचवीस वर्षांत बहीणभाऊ एवढं बोलले नव्हते. ती गेली की तो उगाच थोडा वेळ तिथंच बसून राहायचा.

मे महिन्यातल्या एका सोमवारी सकाळी अंगदचा फोन आला. ते कडा गावाच्या अलीकडं रस्त्याच्या कडेला उभे होते.

"आण्णा, चालता चालता गाडी बंद पडली. सेल फिरतोय, पण इंजिन धरंना."

"फोन इंजिनजवळ न्या आन् एकदा चावी मारा."

अंगदनं चावी मारली. स्टार्टरचा आवाज हलका, मोकळा, भर्रकन आला, जणू आत त्याला अडवणारं काहीच उरलं नव्हतं. कोणता पट्टा तुटला हे कानिफनाथला आवाजातच कळलं.

"आता चावी लावू नका दाजी. मी निघालो. मधी कुनाची गाडी घावली तर माझ्यासाठी थांबू नका, फुडं जावा."

एका गिऱ्हाइकाची जीप तो तशीच घेऊन निघाला. पाऊण तासात पोचला. तोवर कुठलीच गाडी थांबली नव्हती. पुष्पावती लिंबाखाली अंगदच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. दोन डायलिसिसमधला लांबचा खंड तो, गुरुवार ते सोमवार. अंगात पाणी साठलेलं, त्यात ऊन. तिला आडवं पडलं तर धाप लागत होती आणि बसलं तर चक्कर येत होती. जीपमध्ये अंगदनं तिला धरून बसवलं.

कानिफनाथ गाडी हाणत होता. आरशात तिचं उघडं तोंड दिसत होतं.

"घाई नको करू आण्णा," ती मधेच म्हणाली. "ती गाडी एकटी ऱ्हायली का तितं?"

"राहू दे ती."

"गादी काढून घ्यायला पायजे हुती."

नगरला पोचले तेव्हा तिची वेळ उलटून गेली होती आणि मशीनवर दुसरा पेशंट होता. डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, धावपळ करून दुपारनंतर मशीन मोकळं करून दिलं. मंगळवारी पहाटे ती गेली. सुप्याहून आलेली आरती तेव्हा तिचा हात धरून बसली होती. कानिफनाथनं डॉक्टरांना बाजूला घेऊन विचारलं. डॉक्टर म्हणाले, "हृदय आधीच थकलं होतं त्यांचं. उशिरामुळंच गेल्या असं मी म्हणणार नाही. पण उशिरानं काही झालं नाही असंही सांगता येणार नाही."

गाडी ओढून गॅरेजला आणली होती. तेरावा होईपर्यंत तो तिच्याकडं फिरकला नाही. चौदाव्या दिवशी सकाळी त्यानं पाना घेतला आणि ते झाकण उघडलं. गंजलेल्या बोल्टसकट पाऊण तास लागला. पट्टा तुटून खाली लोंबत होता. त्याच्यावरचा छापा अजून वाचता येत होता. साल गाडीच्या जन्माचंच होतं. तो कधीही, कुणीही बदलला नव्हता.

त्यानं सुपरवायझरला फोन केला. तो माणूस आता दूर कुठं तरी होता. "मला आधीच्यानं सांगितलं तेच मी तुम्हाला सांगितलं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज खोटा वाटला नाही. कानिफनाथनं फोन ठेवला, झाकणावरची कागदाची पट्टी नखानं खरवडून काढली आणि खर्ड्याला गेला.

अंगद ओसरीवर बसला होता. कानिफनाथनं त्याला सगळं सांगितलं, काहीही राखून ठेवलं नाही.

"तिची पाठ भरून आली हुती, म्हनून मी पाना ठिवला," तो म्हणाला. "न्हाई ठिवायला पायजे हुता."

अंगदनं खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला. मग म्हणाला, "मी तितंच हुतो आण्णा. मी बी म्हनलो न्हाई, की ऱ्हाऊ द्या तिला आजून थोडी, तुमी बगा." त्यानं टॉवेलनं तोंड पुसलं. "आरतीला यातलं सांगू नका. ती गाडी तिनं शोधली हुती. झोपत न्हाई ती. सारखी म्हनती, मीच आणली, मीच आणली."

चार दिवसांनी आरती गॅरेजला आली. सुप्याला परत जायला निघाली होती, खांद्याला बॅग होती. चेहरा आईसारखाच पांढरा पडलेला. ती त्या गाडीजवळ गेली नाही, दारातच उभी राहिली.

"मामा, मला खरं सांगा. मी चुकीच्या माणसाकडून गाडी घेतली ना? त्यानं फसवलं ना मला?"

कानिफनाथ उठून उभा राहिला. फसवलं म्हणावं, तर ती जन्मभर ते उरावर घेऊन फिरणार. आईची पाठ दुखत होती म्हणावं, तर त्याचं ओझं आईवरच जाणार, आणि आई आता काही बोलायला येणार नव्हती.

"त्या मानसानं काय केलं न्हाई," तो म्हणाला. "त्यानं मला समदं दावलं. एक पट्टा असतोय, त्यो झाकान उघडून बगावा लागतोय. त्यो मी बगितला न्हाई."

"का?"

"कंटाळा केला."

आरती त्याच्याकडं बघत राहिली. लहानपणी सुट्टीला आली की दिवसभर याच गॅरेजमध्ये त्याच्या पायात घुटमळणारी पोर ती.

"माझ्या आईची गाडी होती," ती हळू म्हणाली. "आणि तुम्ही कंटाळा केला."

"व्हय."

ती वळली आणि स्टँडकडं चालू लागली. त्यानं हाक मारली नाही.

त्यानंतर तिचा फोन आला नाही. दिवाळीला ती खर्ड्याला आली, पण जामखेडला उतरली नाही. कानिफनाथनं गाडीचं इंजिन खोलून दुरुस्त केलं आणि गाडी एका शिक्षकाला दिली. आधी काय मोडलं होतं आणि काय काय नवं घातलंय, ते त्याला बसवून सांगितलं. गाड्या बघायला जाणं मात्र त्यानं बंद केलं. माणसं विचारायची, तो डोळ्यांचं निमित्त सांगायचा.

दिवाळीनंतर अंगद आला आणि बाकड्यावर बसला.

"तिला काय सांगितलंत आण्णा? तुमचं नाव काढलं की उठून जाती."

कानिफनाथनं सांगितलं. अंगदनं मान खाली घातली. त्याचे खांदे हलायला लागले, तसा कानिफनाथ दुसरीकडं बघत राहिला.

"मी सांगतो तिला खरं," शेवटी अंगद म्हणाला. "तुमच्यावर आसं ऱ्हाऊ देनं बरं न्हाई."

"नगा सांगू. खरं कळलं तर मीच आणली म्हनून फिरून सोताच्याच माथी घेईल ती." मग त्यानं विचारलं, "झोपती का आता?"

"व्हय. झोपती आता. कामावर बी मन लागतंय तिचं."

"मग ऱ्हाऊ द्या," कानिफनाथ म्हणाला, आणि दाजीसाठी चहा सांगायला उठला.