ओढ्याकाठचं उत्तर

मामांनी स्पीकर शेवाळलेल्या दगडावर ठेवला, वरून ठिबकणारं पाणी लागू नये म्हणून त्यावर आपली टोपी तिरकी धरली आणि बटण दाबलं.

ओढ्याच्या खळखळाटातून आवाज वर आला. काचेच्या पेल्याच्या काठावर नखानं टिचकी मारावी तसा. आधी एक, मग घाईघाईच्या दोन, मग लांबलेली थरथर. आवाज थांबला तसे मामा भाचीच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले.

तिनं बराच वेळ कान दिला. मग मान हलवली. नाही.

"पाण्यात हरवला नसेल ना?"

"नाही मामा. पाण्याचा आवाज खालच्या पट्टीत आहे. हा त्याच्यावरून स्वच्छ आला असता."

"तुला आला असता," मामा म्हणाले. "मला आता तुझी मामी ओरडते तेसुद्धा निम्मंच ऐकू येतं. म्हणजे देव अगदीच निर्दय नाही."

ती हसली. मामांनी टोपी झटकून डोक्यावर घातली आणि पँटच्या कडेवर चढणारी जळू बोटानं उडवली. उंच पट्टीतले आवाज त्यांच्या कानांना सोडून गेल्याला बरीच वर्षं झाली होती. किड्यांची किर्र गेली, छोट्या पक्ष्यांची शीळ गेली, आणि ज्या बेडकामुळे त्यांचं नाव झालं त्याचा आवाजही गेला. तरुणपणी याच ओढ्याकाठी त्यांनी तो पहिल्यांदा ऐकला होता. अंगठ्याच्या नखाएवढा, ओल्या पालापाचोळ्याच्या रंगाचा जीव. डोळ्यांना सापडायचा नाही, कानांनाच सापडायचा. शास्त्रीय नाव लांबलचक होतं. मामा त्याला टिचक्या म्हणत.

कान गेल्यावर मामा दर वर्षी कुणाला तरी बरोबर आणत. कधी विद्यार्थी, कधी सहकारी. आठवडाभर वनखात्याच्या खोलीत राहायचं, सकाळ-संध्याकाळ ओढ्याकाठी जुनं ध्वनिमुद्रण वाजवायचं आणि उत्तराची वाट पाहायची. आता विद्यार्थी नोकऱ्यांना लागले होते, सहकारी गुडघ्यांनी जायबंदी झाले होते. म्हणून या वर्षी नुकतीच पदवी घेतलेली भाची आली होती. "मला फक्त तुझे कान हवेत, बाकीची तू घरी राहिलीस तरी चालेल," असं मामांनी फोनवर सांगितलं होतं.

हे वर्ष शेवटचं होतं. राष्ट्रीय उद्यानाचं हे वरचं खोरं माणसांना बंद होतं ते टिचक्यामुळे. जगात तो दुसरीकडे कुठेच नव्हता. पण कित्येक पावसाळ्यांत त्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता. या हंगामातही ऐकू आला नाही, तर खोऱ्यावरची बंदी उठणार आणि शिखराकडे जाणाऱ्या रोपवेचे खांब इथून उभे राहणार, असं ठरलं होतं. चढताना वाटेत कितीतरी झाडांच्या बुंध्यांवर तोडणीच्या खुणेचे लाल पट्टे दिसले होते. एकेका झाडाला चौघांनी कवेत घ्यावं अशी झाडं. मामा पट्ट्यांकडे न बघता चढत राहिले होते. हंगामाचा आज शेवटचा दिवस होता.

"धुकं बघ कुठं आहे," मामा म्हणाले.

तिनं वर पाहिलं. धुक्याचा काठ शिखराच्या जरा खाली अडकला होता.

"पूर्वी सकाळी इथं स्वतःचा हात दिसायचा नाही. पानांवर अंडी घालायचा हा. धुक्याच्या ओलीवर पोरं वाढायची त्याची."

धुकं वर सरकलं, की त्याच्या आधारानं जगणारंही वर सरकतं, आणि शिखराच्या वर सरकायला जागा नसते. हे ती परीक्षेत लिहून आली होती. चांगले गुणही मिळाले होते.

मामांनी पुन्हा बटण दाबलं. पुन्हा काही नाही. त्यांनी तिला चहा ओतून दिला, आपण घेतला नाही. ओढ्याच्या वळणावरच्या कातळावर सोबत आलेला वनखात्याचा गार्ड बसला होता. वायरलेसला तिथं रेंज चांगली मिळे. त्यानं लांबूनच हात हलवून विचारलं, मामांनी हात हलवून नाही सांगितलं.

आणि तेव्हा तो आवाज आला.

पलीकडच्या काठावरून, नेच्यांच्या दाटीतून. एक टिचकी, मग दोन, मग थरथर. तिच्या हातातला चहा हिंदकळून मनगटावर सांडला. मामा आवाजाकडे नाही, तिच्या तोंडाकडे पाहत होते. त्यांना तेवढं पुरलं.

ते उठले. टोपी काढून त्यांनी ती डोक्यावर गोल गोल फिरवली. वळणावरचा गार्ड ताडकन उभा राहिला आणि वायरलेस तोंडाशी धरून बोलू लागला.

"मामा, थांब जरा."

"अगं, थांबतो कशाला आता? कुठं? किती लांब?"

आवाज पुन्हा आला. या वेळी नेच्यांतून नाही, वर, झाडाच्या फांदीवरून. तिनं मान वर केली. काळाकुळकुळीत भृंगराज, नकला करण्यात पटाईत पक्षी, बसला होता, शेपटीच्या दोन लांब तारा झुलवत. चोच उघडली. टिचकी, दोन टिचक्या, थरथर.

तिनं बोट दाखवलं. मामांनी पाहिलं. पक्षी त्यांना दिसत होता, आवाज ऐकू येत नव्हता. त्यांचा फिरता हात हळूहळू खाली आला.

"तो करतोय?"

"हो."

मामा दगडावर टेकले. क्षणभरानं त्यांचा चेहरा पुन्हा उजळला.

"पण नक्कल कुणाची तरी करतोय ना? भृंगराज काय पोटातून शिकून येतो? ऐकल्याशिवाय कसा करेल? म्हणजे इथंच जवळपास कुठेतरी..."

ते बोलत होते आणि ती ऐकत होती. त्यांना नाही, पक्ष्याला. थरथर संपली की पक्षी थांबत नव्हता. एक अगदी बारीक, कोरडं टक् काढत होता आणि मग चोच मिटत होता. तिला वाटलं आपली चूक होतेय. तिनं आणखी एकदा ऐकलं, मग आणखी एकदा.

"मामा, तुझ्या रेकॉर्डिंगच्या शेवटी टक् असा आवाज आहे."

"आहे ना. जुना टेपरेकॉर्डर. बंद करताना..." ते थांबले.

तिनं मान खाली घातली.

"ते माझं बोट आहे," मामा म्हणाले.

ओढा वाहत होता. मामांनी स्पीकरकडे पाहिलं, मग त्याच्याभोवतीच्या दगडाकडे, जिथं त्यांच्या बसण्यानं शेवाळ झिजून गेलं होतं. दर वर्षी आठवडाभर, सकाळ-संध्याकाळ. वरच्या फांदीवरून ऐकायला कोण बसलंय याचा विचार कुणी केला नव्हता.

गार्ड दगडांवरून उड्या टाकत पोचला. धापा टाकत, तोंडभर हसत.

"सर, साहेब खूश आहेत. म्हणाले, तुमच्या तोंडून ऐकायचंय." त्यानं वायरलेस पुढे केला.

मामांनी तो घेतला नाही. "मला त्यातलं काय कळणार? हिला दे."

तिनं बटण दाबलं. "सर, चूक झाली. तो पक्षी असावा, असं वाटतंय."

पलीकडून खरखर आली, मग वनाधिकारी साहेबांचा आवाज. घाई नसलेला, प्रेमळच. "ताई, मी वर अजून कळवलेलं नाही. पण ऐकलं ते ऐकलं, असं धरून चालायला माझी हरकत नाही. निदान एक वर्ष खांब थांबतील. तपासायला तिथं चढून कोण येतंय? सरांना विचारून सांगा. ओव्हर."

गार्डनं खाली दगडांकडे पाहिलं. त्यानंही ऐकलं होतं.

"काय म्हणतात?" मामांनी विचारलं.

तिच्या तोंडाशी सगळं आलं होतं. समोर, ओढ्याच्या पलीकडे, एका बुंध्यावर लाल पट्टा होता. रंग ओला असल्यासारखा चमकत होता. मामा तिच्या ओठांकडे पाहत होते. त्यांना हो म्हणायला लावणं अवघड नव्हतं. ते नाहीच म्हणतील याचीही तिला खात्री नव्हती. आणि त्यांना हो म्हणताना तिला पाहायचं नव्हतं.

"विचारतायत, नक्की का."

"मग सांग की, काय ऐकलंस ते. कान तुझे आहेत."

तिनं बटण दाबलं. "नक्की. पक्षी होता. बेडूक नाही."

पलीकडून काहीच येईना. ती वाट पाहत राहिली. शेवटी गार्डनं हलकेच तिचा अंगठा अजून दाबलेल्या बटणावरून उचलला.

"...बरं," आवाज आला. "सावकाश उतरा. ओव्हर."

गार्ड वायरलेस घेऊन वाटेकडे निघाला आणि पाठ करून उभा राहिला. मामांनी स्पीकर पुसला, पिशवीत ठेवला, पिशवीचा बंद ओढला. बंद सुटला, पुन्हा ओढला. मग उठायचं सोडून तसेच बसून राहिले.

"अजून ओरडतोय?"

"हो."

"कसा येतो? म्हणजे... जमलंय त्याला?"

तिनं ऐकलं. सवयीनं नीट ऐकलं: पट्टी, मधलं अंतर, थरथरीची लांबी.

"हुबेहूब, मामा."

"सांग हं, थांबला की," मामा म्हणाले, आणि ती जिकडे पाहत होती तिकडे त्यांनी तोंड केलं.