इलॅस्टिकवरचा थेंब

आमचं कागदी नळीचं रॉकेट झोकात वर गेलं आणि धाडकन जमिनीवर आपटलं. त्याचं टोक पॅराशूटसकट भलतीकडेच तरंगत गेलं, कारण टोक आणि नळी जोडणारं इलॅस्टिक तुटलं होतं.

मी तिथेच नवऱ्यावर तोंड सोडलं. "शंभरदा बजावलं होतं! सुपरग्लू फक्त नळीच्या कडेला लावायचा. कागदात मुरला की कड मजबूत होते. पण इलॅस्टिकला लागला तर ते कडक होतं आणि झटक्यासरशी काडीसारखं मोडतं. त्याला पांढरा गोंद लावायचा आणि नीट वाळू द्यायचा. पण तुला कुठला धीर!"

मैदानातले सगळे बघत होते. तो मुकाट्याने तुकडे गोळा करत राहिला, त्यामुळे माझा पारा आणखी चढला.

घरी येताच त्याच्या नाकासमोर पुरावा नाचवायला मी इलॅस्टिकचं तुटलेलं टोक उचललं. त्यावर सुपरग्लूचा टणक थेंब होता आणि थेंबात निळ्या लोकरीचा धागा अडकला होता. माझ्या स्वेटरचा. त्याचं काम झाल्यावर परवा मीच नळीच्या कडेला सुपरग्लूचा आणखी एक हात दिला होता.

"तुला हे कधी कळलं?" मी ओरडले.

"मैदानातच."

"मग तेव्हाच बोलला का नाहीस?"

"तू बोलू दिलंस कुठे?" त्याने नवी नळी माझ्या हातात आपटली. "आता ही तू बनव. ओरडायला मी बसतो."