अर्ज जातात, फोन येत नाहीत

अर्ज धडाधड जात होते, पण फोन काही येत नव्हता. मालवणच्या बाजारातल्या सायबर कॅफेत सर्वेश सकाळपासून एकाच खुर्चीला चिकटून बसला होता. उद्या नारळी पौर्णिमा. दर्याला नारळ पडला की होड्या बाहेर निघणार आणि गंगाराममामाच्या ट्रॉलरवर इंजिन सांभाळायला सर्वेश जाणार, असं घरात ठरूनच गेलं होतं. "नारळ पडापर्यंत नोकरीक कोणी बोलयल्यान तर जा, नायतर माज्या होडयेर चढ," असं मामाने स्वच्छ सांगितलं होतं. इंजिनाशी त्याचं वैर नव्हतं. पण एकदा होडीवर चढलं की कॉम्प्युटर कायमचा सुटणार, या भीतीने तो अर्जामागून अर्ज धाडत होता.

मंदीत पुण्याच्या कंपनीने काढलं तेव्हा कंपनीचा मोबाइलही तिथेच ठेवावा लागला. गावी आल्यावर त्याला इंटरनेटवर एक ओपन सोर्स टूल सापडलं. कुणा परदेशी मुलाने लिहून ते फुकट वाटलं होतं. कुणीही उघडावं, सुधारावं, सुधारलेलं सगळ्यांना परत द्यावं. नोकरीच्या जाहिराती वाचायच्या आणि आपल्या नावाने अर्ज भरून धाडायचे, हे टूलचं काम. पण टूल मूळचं अगदी बावळट. बँकेला जो अर्ज, तोच औषधाच्या कारखान्याला! सर्वेशने त्याला जाहिरातीतलं मागणं ओळखायला आणि त्याला जुळेल तो अनुभव वर आणायला शिकवलं. परदेशी मुलाने ती सुधारणा मूळ टूलमध्ये घेतली, वर कौतुकही केलं. पण कौतुकाने नोकरी लागत नाही.

मग चूक होती कुठे? त्याने स्वतःलाच अर्ज पाठवून पाहिला, नीट पोहोचला. तारखा तपासल्या, रकाने तपासले. मध्येच नेट गेलं, तेव्हा त्याने टेबलावर अशी मूठ आपटली की कॅफेवाला बाबली दचकला. नेट परत आलं ते प्रियांकाचा निरोप घेऊन. ही त्याची कॉलेजातली मैत्रीण. दोडामार्गात घरी बसून तीही हेच टूल वापरत होती.

"तुज्या टूलान काम केल्यान रे! पणजीसून फोन इलो, पुण्यासूनय इलो. तुका नाय इलो?"

सर्वेशला आनंद झाला आणि पोटातही दुखलं. प्रियांकाला फोन करणाऱ्या पुण्याच्या कंपनीला त्याचाही अर्ज गेला होता आणि अनुभव तर त्याचाच जास्त होता. टूल तेच, कंपनी तीच. वेगळा होता तो फक्त फोन नंबर. स्वतःचा फोन नसल्यामुळे त्याने आपल्या आईचा, सुगंधाचा, नंबर दिला होता. ती दिवसभर बाजारात सुकी मासळी विकायला बसायची, मोबाइल कमरेच्या पिशवीत. रोज संध्याकाळी तो विचारायचा, "आये, फोन इलो?" आणि ती भात वाढत म्हणायची, "नाय रे झिला."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. पण कळशावर संशय घ्यायचा कसा? फोन बिघडला असेल, बाजाराच्या गोंगाटात ऐकू येत नसेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. मग प्रियांकाला लिहिलं, "थोड्या वेळान आयेच्या नंबरार फोन कर. कंपनीसून बोलतंय म्हणान सांग." लिहिताना त्याला स्वतःची लाज वाटली. तरी लिहिलं.

तो बाजारात जाऊन आईच्या मागे उभा राहिला. फोन वाजला. सुगंधाने तो पहिल्याच घंटेला उचलला.

"सर्वेश ना? त्याला लागली हो नोकरी. तुम्ही दुसरं कोणी बघा," ती कचेरीतल्या शुद्ध मराठीत म्हणाली. कुठे अडखळली नाही. हे वाक्य तिच्या तोंडात चांगलं बसलं होतं.

"आये."

सुगंधाने वळून पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"कितके फोन इले?"

"मोजूक नाय मी."

"कित्याक गो असा केलंस?" तो ओरडला. शेजारच्या बाया विक्री सोडून बघायला लागल्या. "उद्या मामा माका होडयेर चढवतलो, आणि तू…"

"चढवांदे!" तीही उसळली. "होडयेरसून माणूस घराक येता, जेवता, भांडता. तू पुण्यासून इलंस तो कसो इलंस, ता मी बघलंय. बाजूक बसान हाक मारलंय तरी तुका आयकाक येय नाय. माजो झिल हातचो गेलो, असा वाटला माका!"

सर्वेशचा राग खरा होता आणि तिचं म्हणणंही खरं होतं. त्याला रडू आलं.

"होय, तेवा मी मोडलंय," तो म्हणाला. "पण माका ह्याच काम येता, आये. माका ताच करूचा आसा."

सुगंधाने पदराला हात पुसले. मग तिने फोनची बटणं दाबत सकाळी आलेला पुण्याचा नंबर शोधला आणि फोन कानाला लावला.

"नमस्कार. सर्वेशसाठी तुम्ही सकाळी फोन केला होता. मी त्याची आई. मी खोटं बोलले. त्याला नोकरी नाही." पलीकडून काहीतरी विचारणं झालं. "भीती वाटली म्हणून बोलले. हो, सोमवारी येईल. मी पाठवते." तिने सर्वेशकडे पाहिलं. "पण बाई, एक सांगते. त्याला पुन्हा काढायचं झालं तर आधी मला या नंबरवर फोन करा. तो एकटा नको यायला. मी न्यायला येईन."

तिने फोन त्याच्यापुढे धरला. सर्वेशने तो घेतला, पण आधी मोकळ्या हाताने आईचा हात घट्ट धरला. पलीकडची बाई "हॅलो, हॅलो" करत राहिली.